कार्लोस चागास : रानातल्या परजीवीचा माग काढणारा वैद्य

ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातील ओलिव्हेरा हे कार्लोस चागास यांचे जन्मगाव. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले आणि कॉफीचा मळा सांभाळत आईने मुलांना वाढवले. १९०३ मध्ये रिओ द जानेरो येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून चागास हिवताप निवारणाच्या कार्याकडे वळले. १९०७ मध्ये त्यांचे गुरू ओस्वाल्डो क्रुझ यांनी त्यांना लासान्स येथे पाठवले. तेथे हिवतापामुळे रेल्वेमार्गाचे काम खोळंबले होते. रेल्वेच्या डब्यातच चागास यांनी प्रयोगशाळा थाटली.

तेथील एका अभियंत्याने कुडाच्या भिंतींच्या भेगांत दडणारा एक मोठा ढेकूण त्यांना दाखवला. रात्री तो झोपलेल्यांच्या चेहऱ्यावरून रक्त शोषी, म्हणून लोक त्याला न्हावी म्हणत. त्याच्या आतड्यात चागास यांना शेपटीसारखा तंतू असलेले आदिजीव आढळले. ढेकूण रिओला धाडले गेले. त्यांच्या संसर्गाने प्रयोगशाळेतील माकडे आजारी पडली. नव्या परजीवीला चागास यांनी गुरूचे नाव दिले : ट्रिपॅनोसोमा क्रुझी. १४ एप्रिल १९०९ रोजी तापाने फणफणलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात तोच जीव सापडला. आधी वाहक, मग परजीवी आणि शेवटी रुग्ण, असा हा शोधाचा उलटा क्रम विरळाच!

हा जीव मुळात रानातला. १९१२ मध्ये चागास यांना तो कवचधारी आर्माडिलोच्या रक्तातही मिळाला. पुढे शंभराहून अधिक सस्तन प्राण्यांत तो आढळला. ढेकणाच्या दंशातून नव्हे, तर विष्ठेतून तो पसरतो, हे मात्र इतरांनी दाखवून दिले.

१९१७ मध्ये क्रुझ यांच्या निधनानंतर संस्थेची धुरा चागास यांच्याकडे आली. परंतु १९२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक अकादमीत काही सहकाऱ्यांनी या रोगाच्या व्याप्तीविषयीच शंका घेतली. तो वाद त्यांच्या जिव्हारी लागला. ८ नोव्हेंबर १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. रोगाचे महत्त्व सर्वमान्य झाले ते त्यानंतरच.

रानातील प्राण्यांमधून हा परजीवी समूळ नाहीसा करणे अशक्य आहे. म्हणून पक्क्या भिंती, कीटकनाशक फवारणी आणि रक्ताची तपासणी हेच खरे उपाय ठरले. आजही लाखो लोकांच्या हृदयाला हा रोग पोखरतो, तोही वर्षानुवर्षे मूकपणे. २०२० पासून १४ एप्रिल हा जागतिक चागास रोग दिन म्हणून पाळला जातो.