गव्हावरचा आरोप सिद्ध करणारा डॉक्टर

नवी मुंबईतल्या मोठ्या किराणा दुकानांत ‘ग्लुटेन फ्री’ असे लिहिलेली बिस्किटे आणि पिठे आता सहज मिळतात. ऑटिझम असलेल्या मुलांचे काही पालकही ती मोठ्या आशेने घरी नेतात. गहू काही मुलांना खरोखरच अपायकारक ठरतो, हे पुराव्यानिशी दाखवून दिले ते डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी.

डिके यांचा जन्म १९०५ मध्ये नेदरलँड्समधील डॉर्ड्रेख्ट येथे झाला. लायडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते द हेगच्या ज्युलियाना बालरुग्णालयात रुजू झाले. १९३६ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते तेथील वैद्यकीय संचालक झाले. सिलिअ‍ॅक आजाराची मुले त्यांच्याकडे येत. फुगलेले पोट, काटकुळे हातपाय, वारंवार जुलाब, खुंटलेली वाढ आणि सततची किरकिर. काही मुले दगावत. तेव्हा अमेरिकी डॉक्टर सिडनी हास यांचा केळ्यांचा आहार प्रसिद्ध होता. त्याने मुले सुधारत, म्हणून श्रेय केळ्यांना मिळाले. त्या आहारात ब्रेड वर्ज्य होता. खरी मेख तिथेच होती.

डिके यांना गव्हाचा संशय आला. त्यांनी मुलांच्या आहारातून गहू काढला, काही काळाने पुन्हा दिला आणि वजन-उंचीची नोंद ठेवली. गहू बंद असताना आलेख वर चढे, सुरू होताच घसरे. गहूविरहित आहाराबद्दलचा त्यांचा पहिला लेख १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला.

नंतर १९४४-४५ चा उपासमारीचा हिवाळा आला. जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये ब्रेड दुर्मीळ झाला. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढले. या काळात सिलिअ‍ॅकची मुले मात्र इतरांसारखी खालावली नाहीत आणि ब्रेड परतल्यावर त्यांचा आजारही परतला. डिके यांना शोध युद्धामुळे लागला असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात युद्धाने त्यांच्या जुन्या संशयाला बळकटी दिली.

यानंतर त्यांना युट्रेख्टमधील वायर्स आणि व्हान दे कामर यांची साथ मिळाली. शौचातून किती चरबी वाया जाते, हे मोजण्याची पद्धत त्यांच्या हाती होती. त्यावरून दिसले, की गव्हातील पिष्ट निर्दोष असून दोष ग्लुटेन या प्रथिनाचा आहे. डिके यांनी १९५० मध्ये युट्रेख्ट विद्यापीठात प्रबंध सादर केला, पुढे तेथेच ते प्राध्यापक झाले. १९६२ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पुढे ग्लुटेनवरचा संशय ऑटिझमपर्यंत पोहोचला. गहू आणि दुधातील प्रथिनांचे अर्धवट पचलेले तुकडे मेंदूवर अफूसारखा परिणाम करतात, म्हणून मूल बिस्किटे आणि पोळीचाच हट्ट धरते, अशी कल्पना मांडली गेली. पण हा आहार घेतल्याने ऑटिझमच्या लक्षणांत खात्रीने फरक पडतो, असे आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. ऑटिझममध्ये ठरावीक पदार्थांचा हट्ट बहुधा चव, वास, कुरकुरीतपणा आणि रोज तेच हवे असण्याच्या ओढीतून येतो. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे गहू आणि दूध दोन्ही बंद केले, तर ताटात फारसे काही उरत नाही आणि कॅल्शियम, प्रथिने कमी पडू शकतात.

अर्थात, ऑटिझम असलेल्या मुलालाही सिलिअ‍ॅक असू शकतो. दीर्घकाळ जुलाब, पोटफुगी, वाढ खुंटणे अशा तक्रारी असतील तर आधी डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्यावी, तीही मूल गहू खात असतानाच. गहू आधीच सोडला, तर आजार असूनही तपासणीत तो न सापडण्याची शक्यता असते. निदान झाले, तर मात्र गहू आणि बार्ली कायमची वर्ज्य करावी लागतात. मग आगरी-कोळी घरांतली तांदळाची भाकरी, ज्वारी आणि नाचणी हाताशी आहेतच. फक्त ती पिठे गिरणीत गव्हाबरोबर दळली जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी.

डिके यांनी केवळ संशयावर कोणाचा घास काढून घेतला नाही. गहू काढून, पुन्हा देऊन आणि मोजूनच त्यांनी निष्कर्ष काढला. मुलाच्या ताटातला एखादा पदार्थ कायमचा हटवण्यापूर्वी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या मदतीने तेवढी खातरजमा करायलाच हवी.