कस्तुरबांचे आजारपण आणि सेवेचे हात

कस्तुरबा गांधी यांचा जन्म १८६९ साली पोरबंदरच्या व्यापारी घरात झाला. आयुष्यभर त्या दुसऱ्यांची शुश्रूषा करत आल्या. दक्षिण आफ्रिकेत १९१३ मध्ये त्यांनी तीन महिने सक्तमजुरी भोगली. प्रकृती तशी नाजूकच. छातीचा जुना विकार पाठ सोडत नव्हता.

‘छोडो भारत’ आंदोलनात ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत त्यांना अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींसोबत ठेवण्यात आले. १५ ऑगस्टला तिथेच महादेवभाई देसाई हृदयविकाराने अचानक गेले. कस्तुरबांना तो धक्का फार लागला. पुढे फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास केला. ती काळजी सरते न सरते तोच त्यांच्या स्वतःच्या हृदयाचे दुखणे बळावले.

हृदय दुबळे झाले की आडवे पडताच धाप लागते. रात्री दम कोंडतो, माणूस घाबरून उठून बसतो. भीतीने नाडी आणखी धावते, हृदयावरचा भार वाढतो आणि धाप पुन्हा भीती वाढवते. कस्तुरबांच्या रात्री अशाच जात. बसल्या बसल्या डोके टेकता यावे म्हणून गांधीजींनी त्यांच्यासाठी एक छोटे लाकडी मेज करून घेतले होते.

डॉ. सुशीला नय्यर आणि मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर हे दोघेही तिथेच कैदेत होते. वैद्यकीय उपचार त्यांच्याकडे होते. शुश्रूषेसाठी नागपूरच्या तुरुंगातून मनू गांधी या कोवळ्या वयाच्या मुलीला आणले गेले. पाय चेपणे, डोक्याला तेल लावणे ही सेवा तिच्याकडे आली. पुण्याचे निसर्गोपचारक दिनशा मेहता यांना येऊ द्यावे, म्हणून गांधीजींना सरकारकडे पुन्हा पुन्हा लिहावे लागले. फेब्रुवारी १९४४ मध्ये परवानगी मिळाली. वैद्य शिव शर्माही आले. पण रात्री आत राहण्याची मुभा नसल्याने त्यांना फाटकाबाहेर मोटारीत झोपावे लागले.

यातल्या कशानेही हृदय बरे झाले नाही. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, गांधीजींच्या मांडीवर डोके ठेवून कस्तुरबांनी प्राण सोडला. पुढे सेवाग्रामला त्यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले.

मग त्या चेपण्या-चोळण्याचा उपयोग काय? सावकाश, हलक्या हाताच्या स्पर्शाने शरीराला विसावा देणाऱ्या मज्जासंस्थेचे काम वाढते. श्वास संथ होतो, नाडी थोडी उतरते, ताणलेले स्नायू सैलावतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना मसाज दिल्यावर त्यांच्या वेदना, ताण आणि चिंता कमी झाल्याचे आढळले. मात्र मसाजने बंद रक्तवाहिनी उघडत नाही आणि दुबळे हृदय बळकट होत नाही. कमी होते ती भीती, आणि हृदयरोग्यासाठी तेही थोडे नव्हे.

भंडारा जिल्ह्यातल्या करडीसारख्या गावातही हा आधार घरच्या घरी देता येतो. हाताच्या पंज्यांना, पावलांना किंवा खांद्यांना दहा-पंधरा मिनिटे कोमट तेलाचा हलका हात पुरे. पण आधी डॉक्टरांना विचारावे. एकच पाय सुजून दुखत असेल तर तो चोळू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते. शस्त्रक्रियेची जखम आणि स्टेंट घातलेली जागा टाळावी. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर जोर देऊ नये. छातीत दुखू लागले किंवा अचानक धाप लागली, तर चोळत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. आणि मसाजने बरे वाटले म्हणून औषध कधीही बंद करू नये.