ऑगस्टिन फ्रेनेल

गतवर्षी आमच्या शाळेच्या नववीच्या विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही कागल येथील पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एक कारखाना पाहावयास गेलो होतो. तेथे यंत्रांच्या लोखंडी भागांस रंग देण्याचा स्वतंत्र विभाग आहे. भट्टीतून भाजून निघालेले भाग ओळीने टांगलेले होते. आमच्याच एका विद्यार्थ्याचे वडील तेथे काम करतात. ते हातात मावेल एवढी एक पेटी प्रत्येक भागावर टेकवीत, खटका दाबीत आणि उमटलेला आकडा वहीत लिहून ठेवीत. ती पेटी म्हणजे रंगाची तकाकी मोजण्याचे यंत्र, अर्थात ग्लॉसमीटर. पूर्वी ही पारख केवळ डोळ्यांनी होत असे. एकास जो माल चांगला वाटे तोच दुसरा नापसंत करी, आणि परत आलेला माल खरवडून पुन्हा रंगविण्याचे कष्ट रंगाऱ्याच्या माथी येत. आता देणारा व घेणारा ह्या उभयतांस एकच आकडा दिसतो, म्हणून तंटा राहत नाही, असे त्या गृहस्थांनी आम्हांस समजावून सांगितले.

परत येताना मुलांनी विचारले, की तकाकीस आकडा लावण्याची ही युक्ती कोणी शोधून काढली? यंत्र घडविण्यास पुष्कळांचे हात लागले आहेत. परंतु ज्या नियमाच्या आधारावर ते चालते, तो नियम एका फ्रेंच पुरुषाने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी शोधिला. त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी जाणून घेण्यासारखे असल्यामुळे आम्ही ते येथे थोडक्यात देत आहो.

ऑगस्टिन फ्रेनेल ह्याचा जन्म फ्रान्स देशाच्या नॉर्मंडी प्रांतातील ब्रोली ह्या गावी १० मे १७८८ रोजी झाला. वडील इमारती बांधण्याच्या कामातील जाणकार होते. पुढच्याच वर्षी राज्यक्रांतीचा वणवा पेटला, आणि काही काळाने हे कुटुंब कां शहराजवळील माथ्यू ह्या खेड्यात येऊन राहिले. मुलांचे आरंभीचे शिक्षण घरीच, बहुतांशी आईच्या हाताखाली झाले. ती मोठी धर्मशील होती, आणि बुद्धी ही देवाची देणगी असून ती लोकांच्या उपयोगी पडावी, ही तिची शिकवण मुलाने जन्मभर मनात बाळगिली.

ऑगस्टिन प्रकृतीने अशक्त असून अभ्यासात फार मंद गणला जाई. आठ वर्षांचा झाला तरी त्यास धड वाचता येत नसे. पाठांतराचा तर त्यास मनस्वी कंटाळा. पण फांद्या तोडून खेळातील धनुष्ये व बंदुका करण्यात त्याचा हात कोणी धरीत नसे. कोणते लाकूड अधिक ताण सोसते, नळीची लांबी किती असावी, हे तो एकेक करून पाहून ठरवी. ती हत्यारे इतकी भेदक होऊ लागली, की अखेर वडील मंडळींनी ती बंद पाडिली. ज्या मुलास पाठ होत नाही तो बुद्धिहीनच, असे मानणाऱ्या आम्हां शिक्षकांस ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

पुढे १८०४ साली, वयाच्या १६ व्या वर्षी, त्यास पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निक ह्या विख्यात विद्यालयात प्रवेश मिळाला, आणि नंतर रस्ते व पूल बांधण्याचे शिक्षण घेऊन फ्रेनेल सरकारी इंजिनिअर झाले. खेड्यापाड्यांतून रस्ते आखावे, मजुरांवर देखरेख करावी, हिशेब लिहावे, असे त्यांचे दिवस जात. ह्या कामात त्यांचे मन रमत नसे. रात्री मात्र ते प्रकाशाचा विचार करीत. त्या काळी न्यूटनच्या मतास अनुसरून प्रकाश हा सूक्ष्म कणांचा मारा आहे, असे बहुतेक पंडित मानीत. प्रकाश पाण्यावरील लाटांसारखा असावा, असे फ्रेनेल ह्यांस वाटू लागले.

१८१५ च्या मार्चमध्ये नेपोलियन एल्बा बेटातून परत आला. फ्रेनेल राजपक्षाचे; दुखण्याने खंगलेले असतानाही त्यांनी राजाच्या सैन्यात नाव दिले. ह्याचे फळ असे झाले, की त्यांची नोकरी गेली व त्यांच्यावर पोलिसांची नजर बसली. ते माथ्यूस आईजवळ जाऊन राहिले. एखादा माणूस अशा वेळी हताश झाला असता. फ्रेनेल ह्यांनी मिळालेली सवड प्रयोगांस दिली. उपकरणे घेण्यास पैसा नव्हता. म्हणून मधाचा एक थेंब हेच त्यांचे भिंग झाले, दोरा व पुठ्ठा ह्यांपासून त्यांनी बारीक अंतरे मोजण्याचे साधन केले, आणि आधाराचे लोखंडी सांगाडे गावातील कुलपे घडविणाऱ्या कारागिराने करून दिले. अशा सामग्रीवर सावलीच्या कडेस दिसणाऱ्या प्रकाशाच्या रेघा मोजून त्यांनी निबंध लिहिला, तो त्याच वर्षी पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे गेला. इंग्लंडात थॉमस यंग ह्यांनी ह्यापूर्वीच असे काही शोध लाविले होते, हे फ्रेनेल ह्यांस आरंभी ठाऊक नव्हते. कळल्यावर त्यांनी यंग ह्यांचा मान मोकळ्या मनाने मान्य केला.

अकादमीने ह्याच विषयावर बक्षीस लाविले, तेव्हा १८१८ साली फ्रेनेल ह्यांनी आपला मोठा प्रबंध सादर केला. परीक्षकांत पॉयसाँ हे कणवादी गणितज्ञ होते. त्यांनी फ्रेनेल ह्यांच्याच समीकरणांवरून असे काढून दाखविले, की हे मत खरे असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या नेमक्या मध्यभागी प्रकाशाचा ठिपका पडला पाहिजे. हे अशक्य, म्हणून मतही खोटे, असा त्यांचा रोख होता. दुसरे परीक्षक आरागो ह्यांनी वाद न घालता चकती घेऊन प्रयोग केला. ठिपका खरोखरच दिसला! १८१९ मध्ये बक्षीस फ्रेनेल ह्यांस मिळाले.

आता तकाकीकडे वळू. रंकाळ्याच्या काठी उभे राहून पायाजवळ खाली पाहिले, तर पाण्याच्या आतले दिसते. दूरवर पाहिले, तर त्याच पाण्यात आकाश दिसते. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशाचा किती अंश परतावा व किती आत शिरावा, हे प्रकाशाच्या कोनावर व पदार्थाच्या वक्रीभवनांकावर अवलंबून असते. ह्याचे बिनचूक गणित फ्रेनेल ह्यांनी मांडून जानेवारी १८२३ मध्ये अकादमीपुढे वाचिले. दुर्दैवाने तो निबंध कोठे तरी गहाळ झाला. पुढे फूरिये नावाच्या गणितज्ञाच्या निधनानंतर त्यांच्या कागदांत तो सापडला आणि १८३१ साली छापला गेला. तोवर लेखक हयात नव्हता.

कागलच्या त्या पेटीत हेच गणित आहे. आतील दिव्याचा किरण पृष्ठभागाच्या लंबाशी ६० अंशांचा कोन करून रंगावर पडतो, आणि समोर तितक्याच कोनावर परतणारा प्रकाश मोजला जातो. १.५६७ वक्रीभवनांकाच्या, घासून चकचकीत केलेल्या काळ्या काचेस १०० हा आकडा दिलेला आहे. फ्रेनेल ह्यांच्या नियमाने अशी काच सरळ पडलेल्या प्रकाशाचा विसावा हिस्सा परत पाठविते, आणि ६० अंशांवर दहावा. काच काळी अशासाठी, की आत शिरलेला प्रकाश आतच जिरावा व खालून परत येऊन मोजणी बिघडवू नये. खरबरीत रंग प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून त्याचा आकडा लहान येतो. आकडा ७० च्या वर गेला तर २० अंशांवर, आणि १० च्या खाली आला तर ८५ अंशांवर मोजणे अधिक सूक्ष्म ठरते.

फ्रेनेल ह्यांची लोकसेवा मात्र दीपगृहांच्या रूपाने प्रथम डोळ्यांत भरली. त्या काळी दीपगृहांतील आरशांवर पुष्कळ प्रकाश वाया जाई. त्यांनी काचेच्या अनेक कड्या जुळवून पातळ पण विशाल भिंग रचिले. ते २५ जुलै १८२३ रोजी जिरोंद नदीच्या मुखावरील कोर्दुआँ येथील दीपगृहात प्रथम उजळले. तशा रचनेची भिंगे पुढे जगभरच्या किनाऱ्यांवर बसली, आणि अंधारात वाट चुकणाऱ्या किती खलाशांचे प्राण त्यांनी राखिले, ह्याची गणती कोण करील?

त्याच वर्षी ते अकादमीचे सभासद झाले; परंतु क्षयाने त्यांस ग्रासले होते. लंडनच्या रॉयल सोसायटीने दिलेले रम्फर्ड पदक घेऊन आरागो आले, तेव्हा ते मृत्युशय्येवर होते. त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी, १४ जुलै १८२७ रोजी, व्हील-द-आव्रे येथे त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय केवळ ३९ वर्षांचे होते.

विद्यार्थी मित्रहो, ज्यास आठव्या वर्षी वाचता येत नव्हते, नोकरी गेल्यावर ज्याने मधाच्या थेंबातून प्रकाश पाहिला, आणि ज्याचा निबंध त्याच्या हयातीत हरवलेलाच राहिला, त्या पुरुषाचे गणित आज आपल्या कागलात एका रंगाऱ्यास न्याय मिळवून देत आहे. परीक्षेत मागे पडलेल्या आपल्या मुलाकडे पाहताना पालकांनीही हे ध्यानी ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे.