विनोबा आणि पोचमपल्ली : गावानेच दिलेले उत्तर

पोचमपल्ली म्हटले की तुम्हाला तिथली इकत साडी आठवेल. पण १९५१ साली तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्याच्या या भागात भीती होती. जमिनीवरून पेटलेल्या संघर्षात जमीनदार मारले जात होते, बंडखोर मारले जात होते. दिवसा पोलीस आणि रात्री सशस्त्र कम्युनिस्ट, या दोघांच्या मध्ये सामान्य गावकरी सापडला होता.

अशा गावात आचार्य विनोबा भावे पायी आले. ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे येथे त्यांचा जन्म झाला. १९१६ मध्ये ते गांधीजींकडे गेले आणि त्यांचेच झाले. ‘गीताई’ तर आपल्या घराघरांत आहे. १९५१ च्या मार्चमध्ये ते पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी सुमारे ३०० मैल चालत गेले. आश्रमात पैशाशिवाय जगण्याचा प्रयोग चालू होता, मग तिकीट कसे काढणार? संमेलनानंतर हैदराबादच्या तुरुंगात जाऊन ते कम्युनिस्ट कैद्यांनाही भेटले आणि मग अशांत गावांकडे वळले.

१८ एप्रिलला पोचमपल्लीत ते प्रथम दलित वस्तीत गेले. तिथल्या ४० कुटुंबांकडे जमीन नव्हती. किती हवी असे विचारल्यावर त्यांनी ८० एकर सांगितली. सरकारकडे अर्ज करू, असेच विनोबांनाही आधी वाटले. (आपणही हेच केले असते, नाही का?) पण सरकारी जमीन मिळेपर्यंत या लोकांनी काय करायचे? म्हणून त्यांनी समोर बसलेल्या गावकऱ्यांनाच विचारले की गावातून काही होऊ शकेल का.

रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि त्यांनी १०० एकर देऊ केली. आपल्या जमिनीतील काही भाग गरजूंना द्यावा, ही त्यांच्या दिवंगत वडिलांची इच्छा होती. आम्हाला ८० एकरच पुरे, असे त्या कुटुंबांनी सांगितले, अशी आठवण सांगतात. मी वाणिज्य शाखेत शिकते. जिथे देणारा मागणीपेक्षा जास्त देतो आणि घेणारा जास्तीचे नाकारतो, असा व्यवहार माझ्या एकाही पुस्तकात नाही.

त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही. एका गावात झाले ते दुसऱ्या गावात का होणार नाही? पुढे ५१ दिवस ते तेलंगणात गावोगावी फिरले आणि सुमारे १२ हजार एकर जमीन दानात मिळाली. नंतर तेरा वर्षे ते देशभर चालत राहिले. सगळीच जमीन गरिबांपर्यंत पोचली नाही, हेही इथे सांगायला हवे. काही नापीक निघाली, काही फक्त कागदावर राहिली.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांनी देह ठेवला. त्या गावाला आज भूदान पोचमपल्ली म्हणतात.