भ्रूणहत्येचे पातक आणि गंज पेठेतील घर

पुण्याच्या ब्राह्मण वस्तीत १८६३ च्या सुमारास काही जाहिराती कोपऱ्याकोपऱ्यांवर लागल्या. ज्या विधवांचे पाऊल वाकडे पडले असेल, त्यांनी गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल न्यावे की तेथेच ठेवावे हे आपल्या मर्जीने ठरवावे, असा त्यांचा आशय होता. पत्ता होता गंज पेठेतील एका माळ्याच्या घराचा. त्या घराचे मालक जोतीराव फुले त्या वेळी पस्तिशी ओलांडलेले गृहस्थ होते. मुलींची शाळा काढल्याबद्दल वडिलांनी घराबाहेर काढलेला तरुण, ही त्यांची पुण्यातील जुनी ओळख.

जोतीराव १८२७ साली जन्मले. आई चिमणाबाई त्यांच्या अगदी लहानपणी वारल्या आणि सगुणाबाईंनी त्यांना वाढविले. शिक्षण झाले स्कॉटिश मिशनच्या शाळेत. तेथे ख्रिस्ती धर्माशी त्यांचा निकट परिचय झाला, टॉमस पेनचे ग्रंथही त्यांनी वाचले. पण त्यांनी धर्मांतर केले नाही आणि ते नास्तिकही झाले नाहीत. ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावयास हवी. विश्वाचा एक निर्मीक आहे व त्याने स्त्री आणि पुरुष यांस सारखेच हक्क देऊन निर्माण केले आहे, ही त्यांची श्रद्धा अखेरपर्यंत टिकली. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा, त्यानंतर अस्पृश्यांसाठी शाळा, १८७३ साली सत्यशोधक समाज, १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदन, १८८३ सालचा शेतकऱ्याचा आसूड, हा जीवनपट शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. गंज पेठेतील त्या घराची हकीकत मात्र त्या पुस्तकांत एका ओळीत आटोपते.

ती हकीकत जोतीरावांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व लादलेले वैधव्य यांवर दोन टिपणे प्रसिद्ध केली. त्यांवर मत कळविताना, त्या वर्षीच्या ४ डिसेंबरच्या आपल्या इंग्रजी टिपणात, जोतीरावांनी काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेचे प्रकरण सांगितले. काशीबाई त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकास होती. ज्ञातीतील एका शास्त्र्याने तिला फशी पाडले. दिवस गेल्यावर गर्भ पाडण्यासाठी नाना औषधे झाली, पण गुण आला नाही. अखेर मुलगा झाला आणि अब्रूच्या भयाने तिने त्याला ठार करून घरामागच्या विहिरीत टाकले. प्रेत सापडले, खटला झाला आणि काशीबाईला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या घटनेनंतर लागलीच, सावित्रीबाईंच्या साथीने, जोतीरावांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले.

येथे कालक्रमाकडे लक्ष द्यावे. भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ रोजी अंमलात आली. तिच्या ३१२ व्या कलमाने आईच्या जिवासाठी केलेला अपवाद वगळता गर्भपात गुन्हा ठरविला आणि स्वतः गर्भपात करून घेणारी स्त्रीही शिक्षेस पात्र ठरविली. अर्भकाला टाकून देणे व त्याचा जन्म लपविण्यासाठी प्रेताची विल्हेवाट लावणे यांसाठीही स्वतंत्र कलमे होती. इकडे स्मृतिग्रंथांनी भ्रूणहत्या महापातकांच्या पंक्तीस बसविलीच होती. धर्म आणि सरकार यांचे एवढे एकमत क्वचितच होते! परंतु ज्या रूढ धर्माने गर्भाचे रक्षण पवित्र मानले त्याच धर्माने विधवेचा विवाह निषिद्ध ठरविला, तिचे केस उतरविले आणि तिच्या पोटी आलेल्या जिवाला जगात जागा ठेवली नाही. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली होती. पंक्तीत मान्यता मिळत नव्हती. बालहत्या पाप म्हणावयाचे आणि बालक जिवंत राहिले तर त्याच्या मातेला वाळीत टाकावयाचे, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने चालत.

जोतीरावांचे वेगळेपण असे की, गर्भाचा जीव मोलाचा आहे, हे धर्मवाद्यांचे म्हणणे त्यांनी नाकारले नाही. संस्थेच्या नावातच त्यांनी ते स्वीकारले. त्यांनी केले एवढेच की, त्या तत्त्वाचा खर्च स्वतः उचलला. कोणत्याही तत्त्वाला किंमत असते आणि ती कोण चुकविते यावरून तत्त्ववाद्याची पारख होते. पुण्यातील धर्मरक्षकांनी ती किंमत काशीबाईकडून वसूल केली होती. विधवेने विवाह करू नये असे असेल तर विधुराला तरी मोकळीक का, असा रोखठोक सवाल त्यांनी त्याच टिपणात केला आणि ब्राह्मण विधवांचे केशवपन करण्यास न्हाव्यांना मनाई करावी अशी मागणी केली.

टिपणातील आकडे मन विषण्ण करणारे आहेत. तोपर्यंत ३५ विधवा त्या घरी येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी अवघी ५ जिवंत होती. उरलेली ३० दगावली, कारण गर्भ लपविण्यासाठी मातांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी त्यांना पोटातच इजा झाली होती, असा जोतीरावांचा निष्कर्ष होता. म्हणजे दार उघडे होते, तरी तेथवर पोहोचण्यापूर्वी बदनामीच्या धाकाने आपले काम केलेले असे. निषेधाने गर्भपात थांबत नव्हते. ते फक्त अंधारात आणि विषाने होत होते.

आजच्या वादात जोतीरावांना आपल्या बाजूस ओढणे म्हणूनच कोणालाही सोपे नाही. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याचे ते समर्थक ठरले असते की नाही, हे छातीठोकपणे सांगणाऱ्याने त्यांना वाचलेलेच नाही. मात्र विसंगतीचे त्यांनी दाखविलेले दुखणे बरे झालेले नाही. गर्भात जीव असतो असे मानणाऱ्या घरांतूनच मुलीचा गर्भ काढला गेला. त्यासाठी महाराष्ट्राला १९८८ साली देशातील पहिला कायदा करावा लागला, आणि तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८९४ मुलीच आढळल्या. सरकारेही या बाबतीत निर्दोष नाहीत. उल्हासनगर ज्या फाळणीतून वसले, त्याच फाळणीत पंजाबात अपहृत होऊन परत आणलेल्या स्त्रियांचे गर्भ ३१२ वे कलम जारी असतानाच सरकारी व्यवस्थेत पाडविले गेले, असे त्या कामातील समाजसेविकांनी पुढे सांगितले. देशाची आणि घराण्याची अब्रू आडवी आली की कलमेही बाजूला सरतात.

जोतीरावांची स्वतःची कसोटी घरातच लागली. त्यांना मूल नव्हते, तरी त्यांनी दुसरा विवाह केला नाही. गृहात जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले व यशवंत नाव ठेवले. ब्राह्मणी वर्चस्वावर आयुष्यभर आसूड ओढणाऱ्या माणसाने ब्राह्मणीच्या पोटचे, आणि तेही समाजाने अवैध ठरविलेले मूल आपले म्हणावे, हे विरोधकांइतकेच स्वकीयांनाही रुचले नाही. १८८७ च्या मृत्युपत्राने यशवंत वारस झाला. पुढल्या वर्षी पक्षाघाताने जोतीरावांचा उजवा हात गेला. डाव्या हाताने त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून पुरे केले. १८८९ साली यशवंताचा विवाह ग्यानोबा ससाणे यांच्या कन्येशी सत्यशोधक पद्धतीने झाला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. अंत्ययात्रेत दत्तकपुत्राच्या हक्काला पुतण्याने हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले व पतीच्या चितेला अग्नी दिला. सात वर्षांनी पुण्यात प्लेगने थैमान घातले. यशवंत तोवर डॉक्टर झाला होता. त्याने हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला; तेथे रोगी आणून पोहोचविताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.