आईच्या स्वयंपाकघरातून निघालेला कॅमेरा

मैत्रिणींनो, माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत कधी डबा कॅमेरा सापडलाय? काळा, चौकोनी, वर इवलीशी काचेची खिडकी. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून खिडकीत बघायचं. असा कॅमेरा घराघरांत पोचवला तो जॉर्ज ईस्टमन यांनी.

त्यांचा जन्म १२ जुलै १८५४ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात झाला. १८६२ मध्ये वडील गेले. आई मारियाने रॉचेस्टर शहरात घरी पैसे घेऊन माणसं ठेवली, त्यांना रांधून वाढलं. एका मुलीला पोलिओ झालेला. चौदाव्या वर्षी जॉर्जने शाळा सोडली नि नोकरी धरली.

पुढे बँकेत असताना त्यांना फोटोंचा नाद लागला. पण तेव्हा कॅमेऱ्यासोबत तंबू, काचा, रसायनं असं सगळं बिऱ्हाडच न्यावं लागे! हे सोपं करायचंच, असं त्यांनी ठरवलं. दिवसा बँक, रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग. कित्येकदा ते तिथेच जमिनीवर झोपून जात.

१८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा आला. हे नावही मायलेकांनी अक्षरं जुळवून केलेलं. त्याला खिडकी नव्हती. वरच्या दोन तिरक्या रेषांवरून नेम धरायचा. किंमत २५ डॉलर, म्हणजे चैनच. मग १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला. १९०१ च्या मोठ्या ब्राउनीला दोन खिडक्या होत्या, उभ्या फोटोसाठी एक, आडव्यासाठी दुसरी. आत तिरका आरसा, त्यामुळे समोरचं वरच्या काचेत दिसे. पण उजवं-डावं उलटं! बाळ उजवीकडे रांगलं की खिडकीत डावीकडे पळणार. सवय होईपर्यंत तारांबळच. फोटो मात्र सरळ येई. आता स्टुडिओत जायला नको, अंगणातल्या लेकराचा फोटो आईच काढू लागली.

ईस्टमन यांनी लग्न केलं नाही. १९०७ मध्ये आई गेली, तेव्हा हा अबोल माणूस दिवसभर रडला. शिक्षण, संगीत, मुलांचे दातांचे दवाखाने यांसाठी त्यांनी कोट्यवधी डॉलर दिले. १९२२ मध्ये रॉचेस्टरला उभ्या राहिलेल्या संगीत सभागृहाला आईच्या माहेरचं नाव दिलं, किलबर्न. सासरचं नव्हे, माहेरचं! शेवटी मणक्याच्या दुखण्याने जर्जर होऊन १४ मार्च १९३२ रोजी त्यांनी आपलं जीवन संपवलं.

माळ्यावर तो डबा सापडलाच, तर खिडकीत जरूर डोकावा. आतला आरसा मात्र जोरात पुसू नका, मुलामा निघून येतो.