सेवासदनच्या रमाबाई

भोरनजीकच्या उत्रोलीसारख्या गावातील पदविकाधारक परिचारिकेने पदवी घ्यायचे ठरविले, तर नोकरी-संसाराचा व्याप असताना तिला पुन्हा दोन वर्षे विद्यार्थिनी व्हावे लागते. घरच्या जबाबदाऱ्या शिरावर असलेल्या प्रौढ स्त्रीने शिकायला बसावे, ही कल्पना पुण्यात रुजविणाऱ्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

रमाबाईंचा जन्म १८६२ मध्ये देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी त्यांना घरीच शिकविण्यास प्रारंभ केला. मात्र माजघरावर सत्ता होती वडीलधाऱ्या स्त्रियांची, आणि त्यांना हे शिकणे मुळीच रुचत नव्हते. टोमणे झाले, अबोला झाला. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. बंड म्हणावे, तर ते असे अबोल होते.

१९०१ मध्ये रानडे निवर्तले. पुढे १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीने रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभे केले. रानडे वाड्यात भरणाऱ्या वर्गांना विवाहित आणि विधवा स्त्रिया येऊ लागल्या. त्यांतील अनेकींचे नुसत्या लेखन-वाचनाने भागणारे नव्हते. स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन हवे होते. त्यातून ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले.

आज यातील धाडस ध्यानात येत नाही. परपुरुषाची शुश्रूषा, रात्रपाळी, सोवळ्याओवळ्याचा भंग: पांढरपेशा घरातील विधवेने हे पत्करणे म्हणजे लोकनिंदा ओढवून घेणेच होते. रमाबाईंनी या स्त्रियांच्या पाठीशी आपली सारी प्रतिष्ठा उभी केली. न्यायमूर्तींच्या पत्नीने चालविलेल्या संस्थेत मुलगी धाडताना घरच्यांची भीड थोडी चेपत असे.

एक मात्र नोंदविले पाहिजे. सेवा या शब्दाने स्त्रीला उंबरठा ओलांडण्यास सोज्वळ कारण दिले खरे. पण परिचर्या हे पदवीच्या तोलाचे शास्त्र आहे, ही जाणीव त्याच शब्दाआड बराच काळ झाकली गेली, असे वाटते. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय मुंबईत निघाले ते १९६४ मध्ये. रमाबाईंच्या निधनाला तेव्हा चाळीस वर्षे लोटली होती.